यंत्राच्या पोटातला बिब्बा

हर्षलला आपल्या वैज्ञानिक दृष्टीचा भारी अभिमान. साखरखेर्ड्यात वाढलेल्या या गड्याने घरादाराचे उपास, नवस, दृष्ट काढणं, सगळ्याची टर उडवली होती. आता मलकापूरजवळ हायवेलगतच्या एका शेडमध्ये तो सायक्लोट्रॉनचा चुंबक तपासायचा. सायक्लोट्रॉन म्हणजे प्रोटॉनला गरागरा फिरवून कॅन्सरच्या गाठीवर सोडणारं यंत्र. चुंबक अतिथंड केलेला, म्हणून ताकद अफाट आणि यंत्र खोलीत मावेल एवढंच. गावात मात्र हर्षल 'कॅन्सर बरा करतो' असंच सांगायचा. बरा झालेला पेशंट अजून एकही नव्हता, पण रुबाब कायम.

चाचणीआधी नारळ फोडायला त्याची आई पुष्पाबाई आली. जाताना तिने दृष्ट लागू नये म्हणून सुई टोचलेला बिब्बा काळ्या चिंधीत गुंडाळून हातात दिला. "यंत्राच्या पोटात ठेव. वरतं बांधशील तं लोक हासतील."

हर्षल मोठ्याने हसला आणि नंतर गुपचूप ठेवला. पोटात जायचा तो फक्त चुंबकाची ताकद मोजायचा पोकळ दांडा, त्यातच कोंबला. आईचं मन राखलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर त्याचीच टरकली होती.

मोजणी सगळीकडे जराशी चुकली. तेवढ्यानेही प्रोटॉन वाट सोडतात. हर्षलने मीटरला दोष दिला, विजेला दिला, हवेलाही दिला. शेवटी शेडचे प्रमुख अविनाश साहेब म्हणाले, "चुंबक खोलू. लोखंड पुन्हा तासू. वर्ष गेलं समजा."

"पण चूक सगळीकडे सारखीच काऊन?" मोजणीवरची वंदना म्हणाली. "दांड्यासंगंच फिरून राह्यली वाटते."

 बिब्ब्यातली ती पोलादी सुई हर्षलला आत्ता आठवली. गप्प बसावं तर चांगला चुंबक खोलला जाणार, बोलावं तर जन्मभर टिंगल. त्याने दांड्यातून चिंधी ओढली आणि टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती उलगडली. मग वंदनाला हसू आवरेना, आणि सगळी शेड हसायला लागली. दुसऱ्या मोजणीत आकडे चोख आले.

संध्याकाळी आईचा फोन. "चाललं काय रे यंत्र?"

"हाव."

"पाह्य! म्या म्हटलंच होतं."

चुंबकशास्त्राचं अख्खं व्याख्यान हर्षलच्या ओठावर आलं. तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "आई, पुढच्या यंत्रालेही एक दे. फक्त सुई टोचू नोको."