चांदीले गोऱ्हा झाला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आंजी (मोठी) या गावी बौद्ध घरात वाढले, अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. त्यात बावीस वर्षं मनोरुग्ण विभागात नर्स, आता वॉर्डची इन्चार्ज. बाहेरची बाधा म्हणून साखळीनं बांधलेली माणसं गावात जाऊन, भांडून सोडवलीत मी! तरी मागच्या वर्षीचं हे डोक्यातून जात नाही...

वर्ध्याच्या बसस्टँडवर सापडलेली एक पस्तिशीची बाई पोलिसांनी आमच्याकडे आणली. नाव-गाव काही सांगेना. दोन महिने झाले, आणि तिला लांबच्या मोठ्या मनोरुग्णालयात हलवायचं ठरलं. तिकडे गेली की तिच्या माणसांना ती सापडणार कशी, ही माझी काळजी.

एका दुपारी चारच्या चहाला ती एकदम म्हणाली, "सिस्टर, माहा भाऊ हाका मारून राह्यला."

"काय म्हणतो?"

"म्हणते, ताई, चांदीले गोऱ्हा झाला, घरी ये."

पेशंटला भास झाला की त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे, तारीख-वेळ टाकून, असा आमचा नियम. लिहिले. मग रोज चारला तेच.

आणि जी चूक मी विद्यार्थिनींना कधी करू देत नाही, तीच केली. भास खरा धरला! गावोगावच्या ओळखीच्या आशा सेविकांना फोन लावत सुटले – चांदी नावाची गाय, नुकती व्यालेली, घरातली बाई हरवलेली, आहे का कोणी? डॉक्टर हसले, "सिस्टर, आता तुमचीच फाइल काढावी लागेल." म्हटलं, काढा खुशाल, पण आठ दिवस तिला हलवू नका.

सहाव्या दिवशी रोहणा गावच्या आशा सेविकेचा फोन आला, असं घर आहे म्हणून.

भाऊ आला आणि बहिणीला बघून दारातच रडायला लागला. तो शांत झाल्यावर मी विचारलं, "गाय कधी व्याली?"

"ताई गेल्यावर दोन महिन्यानं." त्यानं दिवस सांगितला. माझ्या पहिल्या नोंदीचाच दिवस! मग तो लाजत म्हणाला, "आई म्हणे, रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मार, हरवलेल्याले ऐकू जाते. मले काई पटत नव्हतं मॅडम, पण आईसाठी मारत होतो. वावरातून आलो का, चार वाजता."

मी रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. "हेच म्हणत होतो मी रांजणात, मॅडम."

गाय गाभण होती हे तिला माहीत असणार, मान्य. पण कालवड नाही, गोऱ्हाच झाला, त्याच दिवशी, हे कसं? तिला भेटायला कोणी आलं नव्हतं, जवळ फोन नव्हता.

निघताना तिनं माझा हात धरला. "सिस्टर, आता घेतो मी गोळ्या."

"म्हणजे? इतके दिवस?"

"थुकून देत होती. गोळीनं आवाज बंद होते म्हणे तुमी. मंग भाऊ बंद झाला असता ना."

आज ती नियमित गोळ्या घेते, छान आहे, वावरातही जाते. आवाज हे आजाराचं लक्षण, हे मी अजूनही शिकवते आणि ते खरंच आहे. पण तिनं पहिल्या दिवसापासून माझं ऐकलं असतं तर?...