थीम पार्कात घातलेलं गाऱ्हाणं

हा अनुभव लिहायला बसले की आधी रागच वर येतो. देवाच्या कृपेबद्दल लिहिताना मन कसं निवलेलं असावं म्हणतात. माझ्या आईनेही तेच सांगितलं, जरा शांत झालीस की लिही. मी वाट बघितली. मन काही शांत होईना, मग म्हटलं, आता जशी आहे तशीच लिहिते. ज्याच्याबद्दल लिहायचंय त्याला माझा राग नवा नाही.

आम्ही लालबागला राहतो, जुन्या चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत. घरात नवरा, मी, सासूबाई आणि आमची मुलगी. ती तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची होती. मे महिन्यात नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन माहेरी आली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की हायवेवरच्या त्या मोठ्या थीम पार्कात जायचं, तिथल्याच रिसॉर्टमध्ये राहायचं. सगळ्यांनी म्हणजे मी सोडून सगळ्यांनी. मी म्हटलं, एवढ्या उन्हात तान्ह्या बाळाला कुठे नेता, तुम्ही जा, मी घरी थांबते. तर नवरा म्हणाला, खोलीला एसी आहे, तूही जरा बाहेर पडशील, चार दिवस चिडचिड कमी होईल. माझ्याच भल्यासाठी मला नेत होते म्हणे. बाळंतीण बाईच्या भल्याचं जग किती बघतं, फक्त तिला विचारत नाही.

तिथे पोचल्यावर सासूबाईंनी बाळाला लोकरीची कानटोपी घातली, पायात मोजे, वर दुपट्याची घट्ट गुंडाळी. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. मी टोपी काढली. त्यांनी परत घातली आणि म्हणाल्या, पाण्याचो वारो लागतलो, आम्ही पोरां वाढवली नाय काय? मी पुन्हा काढली, त्यांनी पुन्हा घालून हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. ही आमच्या लोकांची खोडच आहे. बाळाला ऊन लागेल याची भीती कुणाला नसते, वाऱ्याची मात्र सगळ्यांना. नवऱ्याकडे बघितलं तर तो मुलांच्या पोहण्याच्या चड्ड्या शोधत होता. नणंद म्हणाली, वहिनी, आईला दुखवू नकोस ना ट्रिपच्या दिवशी.

मग सगळी वरात पाण्याकडे निघाली. नणंदेने सगळ्यांचे फोन गोळा केले, त्यात माझाही, पाण्यात पडेल म्हणून. मी पाण्यात जाणारच नव्हते, पण माझा हात बाळाखाली अडकलेला आणि फोन बाकावर, तिने उचलला आणि गेला लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली रबरी पट्ट्याला लावून नवऱ्याच्या मनगटावर. सासूबाईसुद्धा साडी खोचून नातवंडांबरोबर लाटांच्या तलावात उतरल्या. जाताना म्हणाल्या, येतंव आता बिगीबिगी. मला एका पत्र्याच्या मांडवाखाली बसवलं आणि सगळे दिसेनासे झाले.

ते गेल्यावर मी पहिलं काम केलं ते टोपीची गाठ सोडण्याचं. आत केस ओले असतील असं वाटलं होतं, पण डोकं कोरडं ठक्क होतं आणि तव्यासारखं तापलेलं. अंगाला घेतलं तर तोंड लावेना. लंगोट बघितला, तो सकाळपासून कोरडाच. एरवी ही पोरगी दुधाला जरा उशीर झाला तर मजला डोक्यावर घेते. त्या दिवशी हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडत होते आणि परत मिटत होते. मी पायाच्या तळव्यावर टिचक्या मारल्या, तरी रडली नाही.

मी उठून हाका मारल्या. लाटांच्या तलावावर मोठमोठ्या कर्ण्यांवर गाणी चालली होती, शेकडो माणसं किंचाळत होती, त्यात माझी हाक कोण ऐकणार? प्रथमोपचाराच्या खोलीपाशी गेले तर तिथला माणूस म्हणाला, डॉक्टर आणि गाडी आत्ताच एका पेशंटबरोबर गावात गेलेत, थोडं थांबा. थोडं थांबा. मी परत मांडवात आले, पाण्याच्या बाटलीने ओढणी ओली केली, बाळाचं अंग पुसायला लागले, आणि माझ्या तोंडून गाऱ्हाणं सुरू झालं.

आम्हा मालवणी लोकांत देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही. काहीही करायचं असलं, काहीही अडलं, की घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने सगळं सांगतो, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. प्रत्येक वाक्यानंतर मागे उभे असलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. परळला माहेरी माझे बाबा गाऱ्हाणं घालायचे. आम्ही बायका-मुली मागे उभ्या राहून होकार द्यायचो. गाऱ्हाणं घालणं हे बाप्यांचं काम, बाईने ते घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. घरी आता मराठी बोलते, मालवणी तोंडात फारशी येत नाही, पण त्या मांडवात तीच आली.

मी म्हटलं, “बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचो बापूस पाण्यात गेलो हा. आजी पाण्यात गेली हा. माझो फोन त्येंच्याकडे कुलपात आसा. मी नको नको म्हणत होतंय, कोणी ऐकूक नाय. आता तू खंय गेलंस? माझ्या चेडवाक काय झाला तर मी तुका सोडूचंय नाय.”

हे मी देवाला सुनावत होते. विनवणी वगैरे काही नव्हती त्यात. दात-ओठ खाऊन बोलत होते.

आणि पाठीमागून आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

वळून बघितलं तर मागच्या बाकावर एक म्हातारी बाई होती. अंगावर सुती पातळ, डोक्यावर नातवाची असावी अशी कार्टूनची टोपी, आजूबाजूला पिशव्यांचा आणि चपलांचा डोंगर. तिच्याही घरच्यांनी तिला सामान सांभाळायला बसवलं होतं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. कंबरेच्या बटव्यातून साधा फोन काढून तिने मुलाला लावला, तो उचलेना. तोही पाण्यातच. मग ती म्हणाली, आमची बस भायर उभी आसा, ड्रायवर झाडाखाली निजलोहा, चल. मी म्हटलं, आजी, तुमच्या बॅगा?

“बॅगांक पाय फुटूचे नाय,” ती म्हणाली. “चल गे बाये.”

तिला धड चालता येत नव्हतं. पण माझ्या पुढे चालत होती. दारावरच्या पोरांनी बाहेर गेलात तर परत आत घेणार नाही म्हणून हटकलं, तर त्यांना बाजूला सारून निघाली. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, त्याला हलवून उठवलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, बच्चेका डाक्टर, जल्दी. त्याने एक प्रश्न विचारला नाही.

पन्नास माणसांच्या बसमध्ये आम्ही तिघं आणि बाळ. तिने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, बाळाचे उरलेसुरले कपडे काढायला लावले आणि स्वतःचा पदर पाण्यात भिजवून तिच्या अंगावर फिरवत राहिली. मी गप्प झाले होते. रडायचंही सुचत नव्हतं. तर ती माझ्यावरच खेकसली. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नाय म्हणाली, तू बोल, मी होय म्हणतंय.

मग मी बोलले. त्या बसमध्ये मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. लग्नापासूनचं निघालं. कुणी काय म्हटलं, कुणी कधी ऐकलं नाही, बाळंतपणात कुणी काय टोमणे मारले, सगळं. देवालाही सोडलं नाही. प्रत्येक वाक्यावर ती शांतपणे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. माझं चुकतंय असं नाही म्हणाली, जाऊ दे गं असं नाही म्हणाली. थोड्या वेळाने पुढून ड्रायव्हरही म्हणायला लागला, त्याच्या उच्चारात, ‘हय महाराजा’. त्याला काय कळलं असेल देव जाणे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला दोन माणसं होय म्हणत होती. आणि बोलता बोलता मी बाळाला पुन्हा अंगाला घेतलं. दोनदा तोंड फिरवलं तिने, तिसऱ्यांदा धरलं. चार घोट घेतले, सोडलं, आणि भोकाड पसरलं. म्हातारीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मीही रडायला लागले, आम्ही दोघी मायलेकी एका सुरात.

गावातल्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लगेच सलाईन लावलं. म्हणाल्या, उष्णतेने अंगातलं पाणी कमी झालंय, वेळेवर आलात. कुणी एवढं गुंडाळलं हिला, असंही विचारलं. धोका टळलाय असं त्यांनी सांगितल्यावर म्हातारी म्हणाली, आता माझी पोरां माका शोधत असतली, जातंय. मी घोडपदेवाक रवतंय, एवढंच बोलली. तेव्हा मी बाळाचा सुई लावलेला हात धरून बसले होते, नाव विचारायचं राहून गेलं.

तिनेच पार्कात जाऊन कर्ण्यावरून निरोप द्यायला लावला असणार, कारण नवरा धावत आला तो अर्ध्या ओल्या चड्डीवर. बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू फोन का नाही केलास?”

मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. लॉकरची किल्ली तिथेच होती. मग त्यालाही दिसली आणि त्याने तो पट्टा मनगटातून ओढून काढला.

मुलगी बरी झाली, दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. पण माझ्या रागाला खरा जोर चढला तो त्यानंतर. सासूबाईंनी बिल्डिंगभर सांगायला सुरुवात केली की देवीच म्हातारीच्या रूपाने धावून आली. शेजारणी येऊन बाळाच्या पाया पडायला लागल्या. नवऱ्याने घोडपदेवला जाऊन चौकशी केली, कुणी सापडलं नाही, तर त्याचाही सासूबाईंनी पुरावा केला, बघ, देवीक पत्तो असता काय? अहो, घोडपदेवच्या चाळींत गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या काय कमी आहेत? मला तर तळपायाची आग मस्तकात जायची. देवी आली म्हटलं की सगळे सुटले. मग आपण कुठे होतो, हा प्रश्नच कुणाला पडायला नको.

सातव्या महिन्यात तिचं उष्टावण केलं. माझा भाऊ आला होता, मामा म्हणून पहिला घास भरवायला. नवऱ्याचे काका आले, घरात तेच वडीलधारे, गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, म्हाराजा, त्या दिसा तू बायेच्या रूपान धावत इलंस, तसोच ह्या लेकराच्या पाठीशी रव. सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. माझ्या तोंडून ते निघेना.

काकांनी हात खाली घ्यायच्या आत मी बोलले. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“म्हाराजा, त्या दिसा धावत इली ती घोडपदेवची एक म्हातारी. तिचे गुडघे दुखत होते. तिका देव करून आम्ही सुटूचंव नाय. ह्या चेडवाची घरची माणसा त्या दिसा खंय होती, ता तुका ठावक आसा.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. नणंदेने मान फिरवली. मला वाटलं, झालं, आता होय म्हणायला इथे कुणी नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं, पुढचं त्याचं त्याने बघावं.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. हात जोडलेले होते, बोटं एकमेकांत घट्ट आवळलेली. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, देव्हाऱ्याकडेच बघून बोलल्या.

“टोपी मी बांधलंय, म्हाराजा. ती काढी होती, मी परत बांधलंय.”

आता होय कोण म्हणणार? त्या बाईला सत्तरीत एवढ्या माणसांपुढे हे बोलताना काय झालं असेल ते मला त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नाय. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

शरण जाणं म्हणजे सगळं गिळून गप्प राहणं, असंच मी समजत आले होते. तसं असतं तर त्या दिवशी मांडवात मी गप्पच बसले असते. आपलं जे आहे ते, अगदी रागसुद्धा, त्याच्या पुढ्यात ओतायचं आणि हात रिकामे करायचे, एवढंच त्याला हवं असावं. त्या घोडपदेवच्या आजींना मी रोज मनात नमस्कार करते. राग अजून पुरता गेलेला नाही, सकाळी दिवा लावताना थोडा थोडा सांगते. मग मुलीला तिच्या आजीच्या मांडीवर देते आणि आंघोळीला जाते.