बाईसाहेब शोला निघाल्या

आमच्या घरात सकाळी पहिला मान चहाचा नसतो, बाईसाहेबांच्या डोळ्यांचा असतो. कोमट पाणी, कापूस, आधी डावा डोळा, मग उजवा. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. पांढरीशुभ्र, पर्शियन, आणि नाक असं बसकं की कुणी तोंडावर दार आपटलंय असं वाटावं. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, ते तिच्या उच्च जातीचं लक्षण आहे म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी या घरात कुणी कापूस आणल्याचं मला आठवत नाही.

बाईसाहेब आमच्याकडे आल्या त्या उल्हासनगरहून. मी तिथे एका जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात चेकिंगला आहे, म्हणजे लोंबणारे धागे कापायचे आणि बटणं ओढून बघायची. मालकीणबाई सिंधी, आम्ही सगळ्याजणी त्यांना भाभी म्हणतो. भाभींच्या घरी नवी सून आली आणि मांजरीच्या केसांनी तिला शिंकांवर शिंका यायला लागल्या. सून परत करता येत नव्हती, म्हणून मांजर घराबाहेर पडली.

"ले जा तू," भाभी मला म्हणाल्या. "तेरा आदमी तो घर में खाली बैठा है ना, संभालेगा."

मला राग आला. पण भाभींच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा राग जास्तच येतो.

आमचे हे अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात होते, रिटायर होऊन बदलापूरला खरवईत आम्ही फ्लॅट घेतला. कारखान्यात युनियनचं आणि विहारात सगळ्या कार्यक्रमांचं भाषण यांच्याकडे. माईकची गरज नसलेला आवाज, आणि हातात आलेला माईक न सोडण्याची सवय. विषय ठरलेला, अंधश्रद्धा. लिंबू-मिरची, काळा दोरा, दृष्ट, नजर, एकेकाला उभं करून झोडपायचे. शेजाऱ्यांनी उंबऱ्यात काही उतरवून टाकलं तर मुद्दाम त्याच्यावर पाय देऊन जायचे. घरात मला बोलायला वाव नव्हता. मी वाक्य सुरू करायचे आणि हे पूर्ण करायचे, तेही चुकीचं.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला असंच एक दणदणीत भाषण झालं. लोक टाळ्या थांबवेनात. बायका मला येऊन सांगत होत्या, काय बोलतात हो तुमचे, काय आवाज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चूळ भरायला गेले आणि पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. अर्धा चेहरा खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, घाबरायचं कारण नाही, बहुतेक बरं होतं. तसं बहुतेक झालंही. डावा कोपरा तेवढा राहिला, आणि प, फ, ब, म ही अक्षरं त्या कोपऱ्यातून निसटायला लागली. नीट कान दिला तर सगळं समजतं. पण हे कुणाला कान देऊ देतील तर ना!

माणूस घरात बसला तो बसलाच. विहारातली माणसं आली की हे झोपलेले. फोन आला की हे बाथरूममध्ये. डॉक्टर यांना विचारणार, उत्तर मी देणार. रिक्षावाला, बँक, गॅसवाला, नातेवाईक, सगळ्यांशी यांच्या वतीने मीच बोलत होते. ज्यांनी आयुष्यभर मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं त्यांची सगळी वाक्यं आता माझ्याकडे आली होती. खरं तर मला मजा यायला हवी होती. आली नाही. मला माझा तो बडबड्या, न ऐकणारा माणूस परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

बोलायचे ते फक्त बाईसाहेबांशी. तिच्याशी मात्र तासन् तास. तिला प आणि फ मध्ये काही रस नव्हता.

तर अशात भाभींनी बातमी आणली की उल्हासनगरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मांजरांचा शो आहे. "डाल दे उसको शो में," म्हणाल्या, "असली चीज है." मी घरी येऊन थट्टेने सांगितलं. हे बाईसाहेबांची पाठ विंचरत होते. म्हणाले, "नेऊ या." त्या भाषणानंतर यांनी कुठे जाऊ या म्हटलं नव्हतं. मी लगेच भाजी निवडण्यात डोकं घातलं, जास्त आनंद दाखवला तर बेत रद्द होईल म्हणून.

मग आमच्या घराचं लग्नघर झालं. नवरीलाही कुणी इतकं घासत नाही. भांडी घासायच्या लिक्विडने एकदा, मग शाम्पूने दोनदा, म्हणजे केसांतला तेलकटपणा जातो म्हणे. मग हेअर ड्रायर. तो मी भाचीच्या लग्नाला म्हणून घेतला होता आणि माझ्या केसांवर एकदाच फिरला होता. भिजलेली बाईसाहेब म्हणजे एखादी चिडलेली उंदरीण, आणि ती ओरडायची अशी की खालचे लोक वर येऊन विचारून जायचे. यांच्या हातांवर ओरखडे. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, आधी तिच्या नखाला लागलंय का बघ.

शोवाल्यांचा फोन आला तो अर्थात मीच घेतला. नखं कापलेली हवीत, कान साफ हवेत, लस झालेली हवी, आणि अंगावर काहीही लावायचं नाही. पावडर नाही, रंग नाही, काही नाही. मालकाने स्वतः मांजर आणून जजच्या टेबलावर ठेवायची. मी यांना सगळं सांगितलं. त्यानंतर येता जाता हे मला बजावत होते, "काही लावायचं नाही हां तिला." जणू मीच लिपस्टिक घेऊन टपून बसले होते.

अंबरनाथच्या जनावरांच्या डॉक्टरने मात्र एक वेगळीच गोष्ट सांगितली. म्हणाला, हिला परक्या हातांची सवय करा, नाहीतर जजला चावेल. परके हात! आमच्याकडे परका माणूस येऊ नये म्हणून हे बेलची बॅटरी काढून ठेवायचे. मी ती घातली आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले की येऊन आमची मांजर उचला.

आले की लोक! फुकटात जज व्हायला कोण सोडतंय. समोरचे मास्तर चष्मा लावून आले आणि शेपटीला शंभरपैकी बासष्ट देऊन गेले. वरच्या मजल्यावरची बाई तिच्या नणंदेला घेऊन आली. हे पहिल्या दिवशी बेडरूममध्ये, दार लावून. दुसऱ्या दिवशी दार थोडं उघडं. मग एकदा मास्तरांनी बाईसाहेबांना दप्तरासारखं काखेत मारलं तेव्हा आतून आवाज आला, "खालून आधार द्या, आधार!" आणि पाठोपाठ हे स्वतः. मास्तरांना मांजर कशी धरायची ते दाखवलं, न बोलता. पण माणसांत उभं राहून दाखवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तळमजल्यावरच्या आगरी काकू रोज यायच्या. त्यांना जजगिरीत काही रस नव्हता, नुसतं बघायचं होतं. "बाय माझे, कवरी गोरी हाय गो ही! सगली इमारत हिचाच नाव घेते. नजर काढा गो हिची."

"आमच्यात नजर-बिजर नसते," असं मी यांच्या वतीने म्हणाले. यांचं ठरलेलं वाक्य होतं ते. हे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, परक्या बाईसमोर बोलायचं नाही म्हणून.

शोच्या दिवशी खरवईहून उल्हासनगरपर्यंत स्पेशल रिक्षा केली. बाईसाहेब यांच्या मांडीवर जाळीच्या बास्केटमध्ये, मी आणि पिशव्या उरलेल्या जागेत. हॉलमध्ये आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न लागलं होतं, स्टेजवरची फुलं तशीच होती. जिथे जेवणाची टेबलं लागतात तिथे ओळीने पिंजरे, पिंजऱ्यांना लेसचे पडदे, एका बोक्याला तर स्वतंत्र पंखा. एक बाई मांजरीच्या मिशा विंचरत होती आणि तिच्या स्वतःच्या पोराच्या नाकाला शेंबूड होता. सगळीकडे कोकीच्या, म्हणजे जाड सिंधी रोटीच्या, आणि लोणच्याचा वास. हे भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले. कुणी विचारलं, अंकल, कितने साल की है, की मी सांगायचं.

आमचा नंबर आला. मी म्हटलं, मी नेते. हे उठले आणि बास्केट घेऊन चालायला लागले. मी मागोमाग.

जज उंचच उंच, अंगात एप्रन, प्रत्येक मांजरीनंतर हात सॅनिटायझरने धुवायचा. त्याने बाईसाहेबांना उचललं, लांब केलं, पोटाखालून बघितलं, समोर पीस हलवलं. अख्ख्या बिल्डिंगने उचलून उचलून तयार केलेली मांजर ती. जांभई दिली फक्त. जज हसला, "वेरी गुड टेम्परामेंट," म्हणाला, आणि यांच्या वाकड्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. मग जजने तिचा डावा कान दुमडला आणि थांबला.

पांढरा टिश्यू घेऊन त्याने कानामागे पुसलं. टिश्यू काळा. परत पुसलं. परत काळा. बाईसाहेबांच्या कानामागे हरभऱ्याएवढी गोल तीट होती, तान्ह्या बाळाला घराबाहेर नेताना लावतात तशी. काजळ माझंच. चोवीस तास टिकतं असं जाहिरातीत सांगतात, ते खरं आहे.

"कलर किया है?" जजने विचारलं. "क्या छुपाया है नीचे? किसने लगाया?"

माणसं जमली. मी यांच्याकडे बघितलं. नजरेवर माझा विश्वास आहे, यांचा नाही. म्हणजे तीट लावणारी मीच असायला हवी होते, आणि मी तर लावली नव्हती.

हे बोलले. भराभर, मराठीत, मान खाली घालून, आणि अर्धी अक्षरं कोपऱ्यातून गळून गेली. जजला काही समजलं नाही. शेजारी उभी असलेली शोवाली मुलगी सवयीने माझ्याकडे वळली. सकाळपासून ती मलाच विचारत होती. "आंटी, अंकल क्या बोल रहे हैं?"

मला शब्द न् शब्द समजला होता. माझं तोंड उघडलंसुद्धा. मग मी ते मिटलं.

"उन्हीं से पूछो," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भर रस्त्यात हात सोडून दिलाय मी यांचा. मी बाईसाहेबांकडे बघत राहिले.

"मैंने लगाया," हे म्हणाले. या वेळी हळू, एकेक अक्षर धरून. "काला टीका है. पिछले साल मेरा भाषण हुआ. सब लोग तारीफ किया. दूसरे दिन मेरा मुँह टेढ़ा हुआ. इसका भी सब लोग तारीफ करता था. इसलिए लगाया."

कुणी हसलं नाही. मला तर आयुष्यभराची थट्टा तयार मिळाली होती, दुसऱ्यांच्या लिंबू-मिरचीवर पाय देणारा माणूस माझं काजळ चोरतो! पण ती करावीशी वाटली नाही. हा माणूस इतके महिने माझ्या शेजारी ही भीती घेऊन झोपत होता आणि बोलणार कुणाकडे, सगळ्या गावाला त्याने स्वतःच सांगून ठेवलं होतं की असं काही नसतं. मी समजत होते यांना चेहऱ्याची लाज वाटते. लाज नव्हती ती. हे लोकांच्या डोळ्यांना घाबरून घरात बसले होते.

जज सभ्य माणूस. म्हणाला, समझता हूँ अंकल, लेकिन रूल इज रूल, अंगावर काही लावलेलं चालत नाही, मांजर बाद.

"रूल में पावडर लिखा है," हे म्हणाले. "कलर लिखा है. काजल किधर लिखा है? दिखाओ."

जजने शोवाल्या मुलीकडे बघितलं. मुलगी आणखी कुणाला तरी बोलवायला गेली. तो आला, त्यालाही यांनी तेच विचारलं, वर दोन मुद्दे जास्त घातले. मांजर बाद ती बादच राहिली, पण बराच वेळ कुणाला पुढचा नंबर पुकारता आला नाही. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. मध्ये दोनदा यांचा म निसटला. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही.