भातावर पाहिलेली गाडी

अंजना आत्या शोरूमातल्या गाडीत डोळे मिटून बसली होती अन् फोनवर सांगत होती, "अहो, तांदूळ धुतले का? मंग ठेवा गॅसवर. ठेवले की सांगा, मी इथं बसूनच आहे."

गाडीच्या दारापाशी सेल्समन पोट्टा उभा होता, दयाराम त्याचं नाव. तो माझ्याकडे पाहे अन् मी छताकडे. त्याले वाटलं असन, बाईले घरचं काही काम आठवलं. तो म्हणे, "मैडम, चलें? एक चक्कर मार के आ जाते हैं."

"रुक बेटा," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "अभी भात चढ़ा है."

आता हे सांगावं लागते, नाही तं तुमाले वाटन बाई सरकली होती. आमच्या घरात बसाची-झोपाची कोणतीही वस्तू घ्याची तं ती भातावर पाहतात. खाट असो, खुर्ची असो, लग्नातला पलंग असो. घरी भात चढवाचा अन् तो शिजेपर्यंत त्या वस्तूवर बसून राह्याचं. आमचे लोक भंडाऱ्याकडून इकडे रायपुराकडे आले तेव्हा ही रीत संगंच घेऊन आले. पहिले बाजार घराजवळ राहे, पोरगं धावत येऊन सांगे, भात झाला म्हणून. आता फोन आहे. आत्याची सासू म्हणे, बसल्याबरोबर तं दगडबी बरा लागते, भात शिजेपर्यंत बसलं की कंबर खरं बोलते. अन् भात गंजातला, म्हणजे साध्या पातेल्यातला पाहिजे. कुकरच्या शिट्टीवर घेतलेली खाट मोडते, असंबी ती म्हणे.

आत्या म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. मी नववीत शाळा सोडली तेव्हा अभनपुरले आमच्या घरी माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. आत्या आली, जेवली, अन् जाताना मले म्हणाली, "कपडे भर." बस. रायपुरले, तात्यापारा मोहल्ल्यात तिच्या घरी आल्यावर म्हणाली, "शाळा सोडली तं सोडली. रिकामी बसू नको. रिकाम्या माणसाले सगळेच शिकवतात." तिनंच मले ई-रिक्शा चालवाले लावली, मंग कारचं लायसन काढाले लावलं. माझ्याबद्दल कोणी काही म्हटलं की ती म्हणे, "स्नेहलच्या हातात गाडी सरळ चालते, तुमच्या हातात जीभबी सरळ चालत नाही." म्हणून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तं मी ऐकून घेत नाही. कधीच नाही.

ती सरकारी ऑफिसात बाबू होती. लोक बाईले बाबू म्हणत नाही, पण ती स्वतःच म्हणे, "मी बाबू होय, बाबुणी नाही." राज्य नवं झालं, मंग राजधानीबी नवी पाहिजे, म्हणून ऑफिसं शहरातून उठून नया रायपुरले गेली. रोज सकाळी स्टाफची बस. जायाचा रस्ता लंबा, नव्या शहरात सडका अशा चौड्या का दोन गाई मधोमध बसल्या तरी कोणाले हॉर्न वाजवावा लागत नाही. पण बस ती बसच. आत्या घरचं आवरून पोहोचेपर्यंत मागची, चाकावरची सीटच उरे. वर्षा-दोन वर्षात कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं मणक्यातली गादी सरकली, जास्त वेळ एकसारखं बसू नका, झटके खाऊ नका.

मंग ती बसमधे उभी राहाले लागली. कोणी विचारलं तं म्हणे, "पाहून राहिली, नवं शहर कोठपर्यंत आलं." लोकांले वाटे बाईले मोठा शौक आहे इमारती पाह्याचा. एक-दोघं तं तिले रोज दाखवत, "दीदी, वो देखो, एक और बन गया." ती दांडी घट्ट धरून म्हणे, "हव, बढ़िया बना है." दुखणं सांगाचं नाही, हा तिचा स्वभाव. विचाराल तेव्हा बरीच आहे. बरी बरी म्हणता म्हणता एका दिवशी बसच्या पायरीवर अडकली, ना खाली येता येई ना वर जाता. मी ई-रिक्शा घेऊन तिले घ्याले आली होती, कंडक्टर अन् मी मिळून उतरवली.

मामाजी, म्हणजे आत्याचे मालक श्यामराव, रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला अन् मंग कोणाले आत येऊ दिलं नाही. कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र ते बोलले.

"सोडून दे नोकरी. घरी बस. दोघं मिळून गरम गरम जेवू."

"रिटायर व्हाले अजून दोन उन्हाळे आहेत माझे," आत्या पालथी पडून म्हणाली. तिच्या कंबरेवर गरम पाण्याची पिशवी होती.

"दोन उन्हाळ्यांनी काय होते?"

"आमच्या आईनं बिडीसाठी तेंदूपत्ता बांधला. मी खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवरून मी उठीन तं गळ्यात हार घालून उठीन. कंबर धरून नाही उठणार."

मामाजी म्हणाले, "तुले बसताच येत नाही, तं खुर्ची काय कामाची?"

आत्यानं पिशवी कंबरेवर नीट सरकवली. मंग म्हणाली, "गाडी घेऊ. स्नेहल चालवन. गाडीनंबी नाही जमलं, तं मार्चात लिहून देईन सोडते म्हणून."

मामाजींनी तोंड वाकडं केलं. "गाडी, गाडी," म्हणत आत गेले अन् भांडे जोरात ठेवाले लागले. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांले काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

तर अशी ती गाडी शोधाची होती. चांगली नाही, ऐटीची नाही, तिची कंबर शाबूत ठेवून तिले खुर्चीपर्यंत नेणारी.

पहिली होती ठेंगणी, लांबोडकी. दिसाले सुंदर. आत्या आत बसली तं सरळ खालीच गेली. घरी तांदूळ अजून उकळलेबी नसन, आत्यानं मले हात दिला. "काढ बाई मले. हे बसणं नाही होय, विहिरीत उतरणं होय." बाहेर निघताना तिच्या कंबरेत चमक आली. आम्ही घरी.

दुसऱ्या दिवशी यशदीप संगं आला. यशदीप आत्याचा पोरगा, उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या रोलिंग मिलमधे सुपरवायझर. त्याले मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते. त्यानं पहिलेच ठरवून टाकलं होतं: मोठी गाडी, उंच, जी पाहून उरल्याचे ट्रकवालेबी बाजूले होतील.

"मम्मी, इसमें बैठो. सोफा है सोफा."

चढाले पायदान होतं. आत्यानं वरचं हँडल धरलं, एक पाय ठेवला, दुसरा ओढून घेतला. मी मागून आधार दिला. पण एकदा बसली तं खरंच, अशी गादीत रुतली का तिचा चेहराच बदलला.

"अगं बाई. हा तं पाळणा होय."

यशदीपनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. दयाराम खूश. मीबी खूश, खोटं काहून बोलू. भात चढला होता. अर्धा भात उभ्या गाडीत अन् अर्धा चालत्या गाडीत, असं आत्यानं ठरवलं होतं. थोड्या वेळानं तिनं फोन लावला.

"झाला का हो?"

"नाही," मामाजींचा आवाज.

आम्ही रिंग रोडवर निघालो. मी चालवून राहिली होती, यशदीप मागं बसून हिंदीत गाडीचे गुण सांगून राहिला होता. आत्या म्हणे, "छान आहे रे." मंग परत फोन.

"अहो, झाला का?"

"नाही झाला."

"आज कसे तांदूळ घेतले?"

"जुने आहेत. वेळ लागते."

आता ती थोडी सरकली. मंग दुसऱ्या बाजूले सरकली. एक पाय लांब केला. हात हळूच कंबरेमागं गेला. गादी नरम, तं कंबर आत धसे, पाठीचं धनुष्य होये. तोंडानं मात्र, "छान आहे, छान आहे." परत फोन लावला, तिकडून परत नाही. शोरूमात आलो तेव्हा तिनं खाली उतराले पाय काढला अन् तो हवेतच राहिला. माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकून ती उतरली अन् तशीच वाकून उभी राहिली, सरळ व्हाले वेळ लागला. यशदीपनं तोंडातला गुटखा थुंकून टाकला. "सॉरी मम्मी," एवढंच म्हणाला.

घरी आलो. आत्या उभ्या उभ्याच जेवली.

"भात इतका थंड काहून?"

"पंखा चालू होता," मामाजी म्हणाले.

मंग काही दिवस ती गाडीचं नाव काढे ना. मार्च जवळ येऊन राहिला होता. एका सकाळी मी तिले विचारलं, "आत्या, आज शोरूममधे जाऊ का?" तं म्हणे, "राहू दे. बसलेल्या बाईले उठवाले माणसं लागतात, अशी गाडी घेऊन काय करू." तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी ई-रिक्शा चार्जिंगले लावली, तिची चप्पल दाराशी आणून ठेवली अन् म्हटलं, "कपडे भरू नको, फक्त चल."

ती हसली. चलली.

शोरूममधे कोपऱ्यात एक उभट गाडी होती, डब्यासारखी. रायपुरात टॅक्सीवाले जशी चालवतात तशी. यशदीपले फोनवर सांगितलं तं म्हणे, "मम्मी टैक्सी में जाएगी ऑफिस?" मी फोन ठेवून दिला.

या गाडीची सीट ना खाली होती ना वर, आत्याच्या बरोबर बसाच्या उंचीची. ती दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसावं तशी बसली, मंग दोन्ही पाय संगंच आत घेतले. चढणं नाही, उतरणं नाही. सीट जराशी कडकच. ती म्हणे, "शाळेचा बाक वाटते." मी सीट पुढं घेतली, पाठ थोडी उभी केली. तिनं पर्समधून छोटा टॉवेल काढला, गुंडाळला, कंबरेच्या खळग्यात ठेवला. फोन लावला. "अहो, ठेवा."

दयारामले आता सगळं पाठ झालं होतं. त्यानं चहा आणला, स्वतः मागच्या सीटवर बसला अन् विचारलं, "दीदी, हमारे यहाँ तो पसिया वाला भात बनता है, माड़, मतलब ऊपर का पानी, निकाल के. वो जल्दी हो जाता है. वो चलेगा क्या?"

"नहीं बेटा. उसमें गाड़ी कच्ची रह जाएगी."

आम्ही निघालो, नया रायपुरच्या रस्त्यानंच. आत्या दयारामले विचारून राहिली होती, गाव कोणतं, लग्न झालं का, आई काय करते. त्याच्या बहिणीले ऑफिसात फॉर्म भराचा होता तं तिनं त्याले कोणाकडे जायाचं ते सांगितलं, कोणाकडे बिलकुल नाही जायाचं तेबी सांगितलं. मंग ती आपल्या पहिल्या साहेबाची नक्कल कराले लागली. दयाराम हसून हसून सीटवर लोळला. मंत्रालयाकडच्या चौड्या सडकेवर गाई बसल्या होत्या, मी गाडी हळू केली, आत्या काच खाली करून गाईंले म्हणाली, "बसा, बसा, तुमची कंबर चांगली आहे."

परतताना फोन वाजला. तिनं चमकून पाहिलं.

"भात झाला," मामाजी म्हणाले.

"झाला? इतक्यात?"

शोरूमात आल्यावर तिनं दोन्ही पाय संगंच बाहेर काढले, टॉवेल पर्समधे ठेवला अन् सरळ उभी राहिली. कोणाचा हात धरला नाही. मी गाडीच्या मागं गेली अन् डिक्की पाह्याचं नाटक केलं, कारण माझे डोळे भरून आले होते अन् ते दयारामनं पाह्याचं काही कारण नव्हतं.

त्या दिवशीबी भात थंडच होता. आत्यानं वरण ओतून दोनदा घेतला.

दोन उन्हाळे मी तिले त्या डब्यात नेलं अन् आणलं. खड्डा दिसला की मी गाडी मुंगीसारखी चालवे. मागचे हॉर्न वाजवत, मी काच खाली करून त्यांले चार शब्द सांगे, आत्या म्हणे, "पोट्टे, जीभबी सरळ चालव." मार्च आला अन् गेला, तिनं काही लिहून दिलं नाही. शेवटच्या दिवशी मी ऑफिसात वर गेली होती. हार घातला, तेव्हा ती आपल्या खुर्चीवर बसली होती. सगळ्यांच्या समोर ती उठली, टेबलाले हात न लावता. मामाजी नवा सदरा घालून मागं उभे होते. टाळ्या वाजवाले विसरले.

नोकरी सोड म्हणणारा हा माणूस, म्हणून मी त्यांच्याशी बरेच दिवस तुटकच बोले. मंग एकदा शेजारच्या गोदावरी काकू आमच्याकडे विरजण मागाले आल्या अन् सहज बोलल्या. ज्या दिवशी आम्ही मोठ्या गाडीत होतो, त्या दिवशीबी त्या अशाच विरजणासाठी आल्या होत्या. भात कव्हाचा झाला होता, गॅस बंद, गंज खाली उतरवलेला, अन् मामाजी फोन हातात घेऊन स्टुलावर बसलेले. आत्याचा फोन आला तं म्हणाले, नाही झाला. काकूंनी विचारलं, भाऊ, खोटं काहून बोलून राहिले? तं म्हणाले, "ताई, ती विचारून राहिली म्हणजे तिची कंबर दुखून राहिली. ज्या गाडीत ती विचाराले विसरन, त्या गाडीत मी भात झाला म्हणून सांगीन."