वेल्डाच्या दांडीवरचे बावीस नंबर

वेल्डा स्टुचलिकवर संशय घेणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. तिला मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. पण ओळख म्हणजे खात्री नव्हे, हे कॉलेजच्या नोंदणी कार्यालयात उभा जन्म काढून मी शिकले.

वेल्डा आमच्या नेब्रास्कातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळते. हेल्मेटं, खांद्यांची कवचं, नव्वद पोरांचे घामट कपडे. प्रत्येकाचे मोजे, बनियन, चड्डी त्याच्या नंबराच्या पट्ट्यात ओवायचे, पट्ट्यासकट धुवायचे, वाळले की लोखंडी दांडीवर अडकवायचे. नवरा गेला तेव्हा तिने तीन दिवस सुट्टी घेतली. चौथ्या दिवशी मशीन सुरू. बोलणं कामापुरतं. हिच्या पोटातली गोष्ट ओठावर येत नाही, असं गाव म्हणायचं.

या ऑगस्टमध्ये नवा कोच आला, प्रॅदर. पहिल्या फळीत, म्हणजे चढाईच्या अकरांत आणि बचावाच्या अकरांत, कोण खेळणार ते तो दर बुधवारी ठरवी. यादी दोघांकडेच, एक त्याच्या खिशात आणि एक वेल्डाकडे. कारण पहिल्या फळीचे कपडे आधी तयार लागतात. मोसमाचा पहिला सामना होईपर्यंत बाहेर अक्षर जाता कामा नये, हा हुकूम. आणि गुरुवारी सकाळी धान्यकोठीजवळच्या कॅफेतले म्हातारे ती यादी घडाघडा म्हणून दाखवीत.

तिसऱ्या बुधवारी कोचने सापळा लावला. वेल्डाला खोटी यादी दिली. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक टेट लिंडग्रेन मागे, आणि दुसऱ्या कॉलेजातून नुकताच आलेला मोझली पुढे. गुरुवारी कॅफेत बोंब झाली, ‘लिंडग्रेनला बसवलं!’ कोचने वेल्डाला बोलावून सांगितलं, ‘ती यादी खोटी होती आणि फक्त तुम्हालाच दिली होती. उद्या संध्याकाळपर्यंत सामानाच्या खोलीची चावी माझ्या टेबलावर हवी.’

ती थेट माझ्याकडे आली.

‘खरं सांग, कुणाजवळ बोललीस?’ मी विचारलं.

‘कुणाशी बोलू? मशीनशी?’

‘बहीण?’

‘तिच्याशी सहा वर्षं अबोला आहे. तुलाच तर माहीत.’

‘मग तो प्रॅदरच्या हाताखालचा धाकटा कोच. मला तो पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही.’

‘त्याला ही यादी दाखवलीच नव्हती म्हणे.’ ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. ‘तुलाही वाटतंय ना, मीच?’

शुक्रवारी सकाळी कॅफेत गेले आणि ऑरिन पाव्हेल्काच्या समोर बसले. हा गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवतो आणि यादी नेहमी यालाच आधी ठाऊक.

‘कुणी सांगितलं तुला?’

‘गुपित आहे, बाईसाहेब.’

‘तुझ्या मुलाचे गणिताचे गुण मला अजून पाठ आहेत. मोठ्याने म्हणू?’

‘अगं, थांब थांब!’ त्याने कप खाली ठेवला. ‘सांगणार कोण? कपडे वाळवायच्या मशीनची उकड बाहेर जावी म्हणून वेल्डा मागचं दार उघडं टाकते. दांडीवर पहिल्या फळीचे बावीस नंबर पुढे, बाकीचे मागे. मी ट्रक जरा हळू घेतो, इतकंच. कपडे वाचायला परवानगी लागते का?’

मी वेल्डाला सांगितलं. तिने दांडीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे.

‘म्हणजे मीच.’

‘ऑरिनचं नाव घे आणि मोकळी हो.’

‘दांडी ऑरिनने लावली का?’

कोचच्या खोलीत मी तिच्यासोबत गेले. एकटीला पाठवण्याइतका माझा कुणावरच विश्वास नव्हता. तिने चावी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. प्रॅदरने डोळे बारीक केले.

‘इतक्या वर्षांत तुमच्या लक्षात आलं नाही?’

‘तुमच्या आधीच्या तीन कोचांनी काही लपवलंच नव्हतं.’

त्याने खिशातली यादी काढून पाहिली. मग एकदम खुलला. ‘अहो, मग हे तर छानच! सामन्याच्या आठवड्यात नंबर मुद्दाम उलटे लावा. समोरचा संघही फसेल.’

‘नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘दांडी गाववाले मागाहून बघतात. पोरं आधी बघतात. परवा संध्याकाळीच लिंडग्रेनने आपला नंबर मागे पाहिला. मला म्हणाला, “मिसेस स्टुचलिक, चुकून लागलाय ना?” मी म्हटलं, माझ्याकडून असं चुकत नाही. कपडे न घेताच गेला. काल सरावाला आला होता का?’

कोचने नकारार्थी मान हलवली.

‘आज?’

‘बरं नाही म्हणून निरोप आला,’ तो हळूच म्हणाला.

‘खोटी रांग मी लावणार नाही. त्यासाठी दुसरी बाई बघा.’

प्रॅदरने चावीला हात लावला नाही. फोन उचलला, लिंडग्रेनला लावला. ‘टेट, जागा तुझीच आहे. दुपारी ये. यादीत गडबड झाली होती.’ गडबड कुणी केली ते काही बोलला नाही. माझं त्याच्याविषयीचं मत तिथेच पक्कं झालं. मग त्याने चावी बोटाने वेल्डाकडे सरकवली. ‘यादी तुमच्याकडेच राहील. पण ते दार बंद.’

वेल्डाने चावी उचलली, आभार मानले नाहीत. खाली जाऊन लिंडग्रेनचा पट्टा पुढे अडकवला आणि मागचं दार ओढून घेतलं. बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइटचं ऊन होतं, आणि आत कपडे वाळवायची तिन्ही मशीनं चालू होती.