चौकटीतला प्रश्न

आमच्या शाळेत तिला सगळे कांदेबाई म्हणत. पेशीविभाजनाचा धडा जवळ आला की ती आठवडाभर आधीच काचेच्या ग्लासांवर कांदे बसवायची आणि खाली मुळं फुटली की त्यांची टोकं कापून मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. त्या शिळ्या पाण्याचा वास थेट स्टाफरूमपर्यंत यायचा. मीही जीवशास्त्रच शिकवतो, दुसऱ्या तुकडीला, पण मी फळ्यावर आकृती काढून मोकळा होणारा माणूस. तिची डावी पापणी जरा खाली उतरलेली असायची. "बाई, अर्ध्या झोपेत शिकवता का हो?" असं मी तिला पंधरा वर्षं चिडवलं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पेशीतली ऊर्जा शिकवायचीही तिची वेगळीच तऱ्हा. अख्ख्या वर्गाला हात वर करायला लावून शंभर वेळा मूठ उघड-मीट करायला सांगायची. साठ-सत्तरच्या आसपास पोरं कण्हायला लागायची. मग म्हणायची, "दमला ना हात? प्रत्येक पेशीत चुली असतात. त्यांना तंतुकणिका म्हणायचं. चूल मंदावली की हात गळतो."

तिची एकुलती एक मुलगी चिऊ आठवीत तिच्याच वर्गात आली. चिऊचा हात विसाव्या मुठीलाच खाली आला. आई शिकवतेय म्हणून पोरगी लाडात आली, असं कांदेबाईला वाटलं. भर वर्गात ती ओरडली, "नाटकं पुरे! सगळ्यांसारखं कर." चिऊने दुसऱ्या हाताने स्वतःची बोटं मिटायला सुरुवात केली. ते पाहून कांदेबाईने तास तिथेच थांबवला.

सहा महिने तपासण्या चालल्या. दोष तंतुकणिकांचाच निघाला. औषध नाही. स्नायू दुबळे होत जाणार आणि पुढेमागे हृदयही. हा दोष आईकडूनच येतो, हे डॉक्टरांनी चाचरत सांगितलं. तिला ते सांगायची गरजच नव्हती.

प्रयोगशाळेत ग्लास विसळता विसळता ती मला म्हणाली, "सर, पेशी दुभंगताना गुणसूत्रं कशी अगदी सारखी वाटली जातात. तंतुकणिकांना मात्र शिस्त नाही. कुठे किती जातील, काही नेम नाही. माझ्या वाट्याला पापणीपुरतं आलं. उरलेलं सगळं मी तिला दिलं."

घरी तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही." सासवा हे वाक्य ऊठसूट म्हणतात. या वेळी मात्र ते शास्त्राला धरून होतं, त्यामुळे हिला तोंडही उघडता आलं नाही.

चिऊला आजार ठाऊक होता. तो कुणाकडून आला, हे तिला सांगितलेलं नव्हतं. "तेवढं तिला कळू नये, सर," कांदेबाई म्हणाली. "कपड्याची बटणं लावायला मला हाक मारते. उद्या माझ्याकडे बघून तिच्या मनात काय येईल?"

नववीत पेशीचा धडा आला. त्यात पानाच्या कोपऱ्यात 'माहीत आहे का?' अशी चौकट होती: तंतुकणिका अपत्याला फक्त आईकडून मिळतात. कांदेबाईने धडा नेहमीसारखा जीव ओतून शिकवला, तेवढी चौकट सोडली आणि पान उलटलं.

आता माझा गाढवपणा. ज्या वर्गात शिक्षकाचं स्वतःचं मूल असेल, त्या वर्गाची प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढायची आणि पेपरही त्यानेच तपासायचे, असा आमच्याकडे नियम. चिऊच्या वर्गाचं काम माझ्याकडे आलं. आणि मला खोड, एक प्रश्न चौकटीतला काढायचा, कारण चौकटी कुणी वाचत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात चालला, डोकं चाललं नाही. चाचणी संपल्यावर कांदेबाईने स्टाफरूममध्ये प्रश्नपत्रिका वाचली आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून ती माझ्यापुढे सरकवली. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गठ्ठ्यातून आधी चिऊचा पेपर उपसला. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, पण सगळं बरोबर. पाचवा प्रश्न: तंतुकणिका अपत्याला कोणाकडून मिळतात? उत्तर: दोघांकडून.

माझा जीव भांड्यात पडला. पोरीला माहीत नव्हतं तर! मग नीट पाहिलं. 'दोघांकडून'च्या आधी एक शब्द खोडला होता. पेनाने इतका गिरवला होता की तिथे कागद फाटायला आला होता. पान उलटून उजेडात धरलं, तर मागून तो शब्द उमटलेला दिसला. आईकडून.

तपासलेला पेपर पालकांच्या सहीसाठी घरी जातो. चुकीची खूण केली असती, तर बरोबर उत्तर काय ही चर्चा त्या घरात झालीच असती. तीस वर्षांत पहिल्यांदा मी धडधडीत चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण केली आणि वीसपैकी वीस दिले.

दोन दिवसांनी कांदेबाईने तो पेपर माझ्यासमोर ठेवला. माझी खूण तिने खोडली होती. विसाचे एकोणीस केले होते. बाजूला तिच्या ठसठशीत अक्षरात बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि त्याच्याखाली पालकांची सही होती.

"सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"सांगायला बसले. तर म्हणाली, मला माहीत आहे. तू वर्गात ते पान घाईघाईने उलटलंस ना, तेव्हाच मी चौकट वाचली." तिची पापणी पार खाली आली होती. "मी विचारलं, मग येत असलेलं उत्तर खोडलंस कशाला? तर म्हणाली, मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून."