नांदेडची मशीन आणि मधली भिंत

मशीन घरात मावत नाही, हे कळेपर्यंत टेम्पोवाला निघूनसुद्धा गेला होता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. अर्धी लोखंडी चौकट आमच्या लातूरच्या घरात, अर्धी दाराबाहेर गल्लीत, आणि मी मध्ये कमरेवर हात ठेवून उभी. आता गं बया, करायचं काय?

मी वाकळा शिवते. लोक जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी आणून देतात, मी त्यांचे थर लावते आणि टाके घालते. जन्म गेला त्यात. पण दोन वर्षांपासून उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. सुई हातातनं गळून पडायची आणि मला पत्ताच नसायचा. डॉक्टर म्हणाले, सुई सोडा. सुई सोडा म्हणे! मग खाऊ काय, धोंडे?

तेव्हा कुणीतरी सांगितलं की नांदेडला एका रजईवाल्या चाचांना त्यांची लांब हाताची मशीन विकायचीय. मी आणि आमचे हे, दोघं सकाळच्या एसटीनं गेलो. चाचांच्या घरात ती मशीन बघितली आणि मी चाटच पडले. साधी शिलाई मशीन आपण बघतो, तिच्यात कापड सरकतं. इथं सगळं उलटं. वाकळ दोन रुळांवर ताणून बसवलेली, आणि मशीनचं धूडच रुळावरून इकडून तिकडं पळतं. चाचांनी माझ्या पिशवीतली फाटकी वाकळ लावली आणि मला म्हणाले, ढकल. मी नुसता तळहात टेकवला तर ती लोण्यासारखी सरकली. बोटांचं कामच नाही! मला तिथंच रडू फुटलं. चाचा घाबरले, म्हणाले, "काय झालं बेटी? करंट लागला का?"

"विकता कशाला मग इतकी चांगली?" मी डोळे पुसत विचारलं.

"ही बसून न्हाई चालत बेटी. हिच्यासंगं आपल्याला चालावं लागतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझे गुडघे गेले."

मी म्हटलं, माझे गुडघे धडधाकट आहेत, द्या. पण घरात बसेल का? मी टेप आणायला सांगितला तर आमचे हे म्हणाले, "टेप कशाला? खाली शहाबादी फरशी हाय, फरशा मोज." चाचांच्या घरात मशीन सहा फरशांत बसली होती. आमच्या खोलीत लांबीला सात फरशा. एक फरशी शिल्लक! आम्ही खुशीत चहा प्यालो आणि सौदा केला.

आता सांगा, फरशी फरशीत फरक असतो हे आमच्या डोक्यात का आलं नसेल? चाचांची फरशी दोन फुटी. आमच्या सासऱ्यांनी कुठूनशी स्वस्तात आणलेली, दीड फुटी. वीस वर्षं मी ती फरशी पुसतेय. हे तर दाळमिलमध्ये दिवसभर पोत्यांच्या थप्प्या मोजतात. दोघांपैकी एकालाही उमगलं नाही. मशीन तिरकी लावून पाहिली, तर दार लागेना आणि माणसाला उभं राहायला जागा उरेना.

जागा होती खरं तर. भिंतीपलीकडं होती. आमचं घर म्हणजे पत्र्याची एकच लांबलचक खोली होती. पाणीटंचाईच्या साली टँकरच्या पाण्यावरून आमचे हे आणि थोरले भाऊजी भांडले. कुणाचं पिंप आधी भरायचं, एवढ्यावरनं! आठवड्याभरात दोघा भावांनी खोलीच्या मधोमध चार इंची भिंत घातली. पलीकडं भाऊजी आणि माझी थोरली जाऊ, म्हणजे अक्का, अलीकडं आम्ही. अक्काचा आणि माझा अबोला तेव्हापासूनचा. म्हणजे ती बोलायची, पण मला नाही, हवेला. "कुणीतरी नळ बंद करा म्हणावं." "कुणाचं तरी दूध उतू चाललंय म्हणावं." मीही तसंच हवेलाच उत्तर द्यायचे. भिंतीतनं शिंकसुद्धा ऐकू यायची, पण वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींकडं सरळ बघितलं नव्हतं.

आणि त्याआधी? त्याआधी आम्ही दोघी एकाच वाकळेवर शिवायचो. आमच्या घरची ती रीतच. एकीनं एका काठाला बसायचं, दुसरीनं समोरच्या काठाला, आणि शिवत शिवत मध्यावर यायचं. गुडघ्याला गुडघा लागला की वाकळ झाली.

असो. तर मशीन दारात अडकलेली. ह्यांनी डोकं चालवलं आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला कटरसकट घेऊन आले. म्हणाले, "दोन्हीकडनं तुकडा कापू. बसंल बरोबर."

"आणि वाकळ? अर्ध्या मशीनवर काय बाळाची दुपटी शिवू?" मी ओरडले. "माझी बोटं गेलीत हो! आता ही पण घालवता?"

"मग काय डोक्यावर ठिवू? पाऊस आला तर गंज चढंल तिला!"

वेल्डिंगवाल्यानं पाइपवर खडूची खूण केली. कटर सुरू केला. तो किर्रर्र आवाज माझ्या दातांत गेला. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि तेवढ्यात भिंत हादरली.

धाड! परत धाड! मला वाटलं, झालं, कटरच्या आवाजानं अक्का पेटली, आता पलीकडनं भांडी आपटतेय. कपाटावरचा डबा खाली पडला. मग प्लॅस्टर फुगलं, तडकलं, आणि त्याच्यातनं पहारीचं टोक बाहेर आलं! वेल्डिंगवाला कटर टाकून बाहेर पळाला. हे भिंतीला पाठ लावून उभे होते, ते कोलांटी खाल्ल्यासारखे दारात जाऊन पडले. एक वीट आमच्या खोलीत पडली, तिच्यामागं दुसरी. धूळ खाली बसली तेव्हा भोकात अक्काचं तोंड दिसलं. पदर कमरेला खोचलेला, केस सगळे पांढरे. धुळीनं झाले असतील म्हटलं. धुळीनं नव्हते झाले.

"कापू नका म्हणावं त्याला!" अक्का ओरडली. हेही हवेलाच.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं.

"बघत काय राहिलीस? उचल की विटा!"

मी उचलल्या. हातात बळ नव्हतं, तरी उचलल्या. हे दारातनं उठून आत आले. म्हणाले, "वहिनी, दादाला काय सांगायचं?" अक्का म्हणाली, "तुमच्या दादाला मी बघते. तुम्ही पाटी धरा."

संध्याकाळपर्यंत सगळी भिंत उतरली, आणि भाऊजी आले. दार उघडलं तर समोर थेट आमचं कपाट! ते परत बाहेर गेले, घर आपलंच आहे ना ते बघितलं आणि पुन्हा आत आले. मग ह्यांनी मशीनचं एक टोक उचललं आणि दुसरं एकट्याला उचलेना. भाऊजींनी चप्पल काढली आणि दुसऱ्या टोकाला हात घातला.

मशीन बसली. अर्धी आमच्यात, अर्धी त्यांच्यात.

मी अक्काला म्हटलं, "अक्का, तुम्ही का पाडली हो?" तिनं ट्रंक उघडली आणि एक वाकळ माझ्यासमोर टाकली. मी उलगडली. एका काठापासून बरोबर मध्यापर्यंत टाके होते, अक्काचे, बारीक, एका ओळीत. मध्याच्या पुढं कोरं. माझ्या बाजूचं सगळं कोरं.

"लेकीच्या लग्नाला शिवायला घेतली होती," अक्का म्हणाली. "माझ्याकडची झाली. पुढं कोण शिवणार? रेणापूरला जाताना पोरीला बाजारातली रजई दिली. तिच्या सासरी इचारलं म्हणे, आईनं वाकळ न्हाई का शिवली?"

ते लग्न मी ह्या भिंतीतनं ऐकलं होतं. बँड, आहेर, रडणं, सगळं. मला वाटायचं, अक्कानं मला मुद्दाम बोलावलं नाही. आणि ही बाई अर्धी वाकळ घेऊन माझी वाट बघत बसली होती!

दुसऱ्या दिवशी मशीनवर पहिली तीच वाकळ चढवली. अक्काचे टाके संपतात तिथून सुरुवात केली. तळहात टेकवला, मशीन सरकली, तिच्यासंगं मी चालायला लागले. भिंत होती तिथं फरशीत सिमेंटचा खरबरीत पट्टा राहिलाय. तो आला आणि माझा पाय जागच्या जागी थांबला. सवयच ती. मशीनही थांबली, सुई कापडात रुतलेली.

अक्का पलीकडं गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"थांबलीस काय दारातल्यासारखी? ये की गं आत."